दर दहा सेकंदांनी एक विचारणा

बायकोचा तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी मी कामावर हजर झालो. घरी बसून करायचं काय, हाच प्रश्न होता. मुलगी पाच वर्षांची; तिला तिची आजी वडीगोद्रीला घेऊन गेली होती. जालन्यातल्या दोन खोल्यांत मी एकटा उरलो. बायकोला कावीळ झाली, औरंगाबादच्या दवाखान्यात नऊ दिवस काढले आणि दहाव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. एवढंच झालं होतं. मला रडू आलं नाही. नातेवाईक म्हणाले, माणूस घट्ट आहे. घट्ट वगैरे काही नव्हतो. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, त्याला चिमटा काढला तरी कळत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

दोन हजार सालानंतरच्या पाच-सात वर्षांतली ही गोष्ट. जालन्याजवळच्या एका बियाणे कंपनीत मी कॉम्प्युटरचं काम बघायचो. गोदामात हमाल पिशव्या उचलत, तिथला माणूस हातातल्या यंत्राने पिशवीवरची बारकोडची पट्टी वाचे, आणि ती माहिती बिनवायरची, छताला लावलेल्या पांढऱ्या डब्यांमार्फत ऑफिसात येई. त्या सगळ्या डब्यांना हुकूम देणारी एक पेटी माझ्या खोलीत होती, तिला कंट्रोलर म्हणत. तिच्या खाली स्विच, म्हणजे चोवीस भोकांची लोखंडी पेटी. साऱ्या कंपनीच्या वायरी तिच्यात येऊन मिळत. तिच्यावरचे हिरवे दिवे लुकलुकत असले की गेटवर गाडीचा पास निघायचा. दिवे थांबले की गाडी थांबली.

या वायरी टाकल्या होत्या कंपनीच्या मिस्त्रींनी. पन्नाशीचे, सडपातळ, खिशाला कायम टेस्टर. शिक्षण नववी, पण कुठली वायर कुठून कुठं गेली ते डोळे मिटून सांगत. मंठा रस्त्याला त्यांची वस्ती होती. तिथल्या विहारातले दिवे, पंखे, लाउडस्पीकर तेच बघत. मी कामावर आलो त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या खोलीत आले आणि टेबलावर दोन डबे ठेवले.

"साहेब, हा तुमचा. घरच्यांनी देल्लाय."

"कशाला त्रास, मिस्त्री?"

"तिथं चार भाकरी थापायच्या, तिथं सहा थापल्या. त्रास कसला. जेवा."

त्यानंतर रोज डबा येऊ लागला. ज्वारीची भाकरी, कधी पिठलं, कधी वांगं. मला चव लागत नव्हती, पण मी खायचो. मिस्त्री बोलायचे नाहीत. समोर बसून जेवायचे, डबे धुऊन घेऊन जायचे.

त्या दिवसांत मला एक सवय लागली. सगळं चालू आहे की नाही ते सारखं बघत राहायचं. काम नव्हतं असं नाही, पण दुसऱ्या कामात मन ठरत नव्हतं. इंटरनेटवर एक फुकट मिळणारा प्रोग्राम सापडला. तो कंपनीतल्या प्रत्येक यंत्राला ठरावीक वेळाने विचारायचा, चालू आहेस का, किती काम आहे, किती वेळ झाला. उत्तर आलं की माझ्या पडद्यावर हिरवा ठिपका. मी तो बसवला. आधी दर पाच मिनिटांनी विचारणा होती. एका गुरुवारी दुपारी मी ती दर दहा सेकंदांवर आणली. कशासाठी, ते आज सांगता येणार नाही. पाच मिनिटं थांबवत नव्हतं, एवढं खरं.

त्याच गुरुवारी सकाळी मिस्त्रींनी माझ्या खोलीतली अर्थिंगची जुनी वायर काढून नवी टाकली होती.

चार वाजता गोदामातून माणूस पळत आला, यंत्रं चालेनात. मी पाहिलं तर स्विचचे दिवे लुकलुकायचे थांबून नुसतेच जळत होते. वरची कंट्रोलरची पेटी मरून पुन्हा उठायच्या धडपडीत होती. मी दोन्हीचं बटण बंद करून चालू केलं. सगळं सुरू झालं. अडीच तासांनी पुन्हा तेच.

मे महिना सरत आलेला. कपाशीच्या बियाण्याचे दिवस. घनसावंगी, मंठा, परतूर, सगळीकडचे दुकानदार गाड्या घेऊन आलेले. दर वेळी बंद-चालू केलं की अर्धवट राहिलेले पास पहिल्यापासून काढावे लागत. शुक्रवारी गेटबाहेरची रांग थेट हमरस्त्याला लागली. पास हाताने लिहायला घेतले, तर पिशव्यांचे नंबर जुळेनात. हमाल लिंबाच्या सावलीला बसून राहिले. एक ड्रायव्हर माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "साहेब, दोन दिस झाले इथंच आंघोळ करून राह्यलो. सांगा तरी, होतंय का न्हाई?" मी म्हणालो, "होईल." माझ्या आवाजात काहीच नव्हतं. तो बघत राहिला आणि निघून गेला.

मॅनेजर पुण्याकडचे होते. शनिवारी सकाळी त्यांनी मला आणि मिस्त्रींना बोलावलं.

"हे कधीपासून सुरू झालं?"

"गुरुवार दुपारपासून," मी म्हणालो.

"आणि गुरुवारी काय बदललं?"

मिस्त्रीच म्हणाले, "सकाळी मी अर्थिंग बदलली, साहेब."

"झालं तर मग!"

"न्हाई साहेब, मी मीटर लावून बघितली. बराबर आहे. बिलकुल बराबर. पुन्हा चला, दाखवतो."

मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं?"

तेव्हा मला एवढं म्हणता आलं असतं, की अर्थिंगने असं ठरल्यासारखं दर अडीच तासांनी बंद पडणार नाही. हे मला कळत होतं. पण ते विचारापासून जिभेपर्यंत आलं नाही. मी म्हणालो, "सांगता येत नाही."

मिस्त्रींना घरी बसायला सांगितलं. शहरातला एक ठेकेदार आला, त्याच्या माणसांनी निम्म्या वायरी उपटून नव्या टाकल्या. जाताना मिस्त्री माझ्या खोलीत आले होते. टेबलावर माझा डबा ठेवला. म्हणाले, "हा तेवढा कोणासंगं तरी पाठवून द्या." मी मान हलवली.

नव्या वायरींवरही यंत्रं अडीच तासांनी बंद पडतच राहिली. ठेकेदार म्हणाला, आधीच्या माणसाने आतून काय करून ठेवलंय देव जाणे.

मंगळवारी दुपारी वडीगोद्रीहून सासूबाईंचा फोन आला. मुलीला तिथल्या शाळेत घालायचं तर आईच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत लागेल म्हणाल्या. दाखला ऑफिसातच होता, दवाखान्याच्या कागदांबरोबर एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवी टेबलावर उलटी केली तर रक्ताच्या तपासण्या, औषधांच्या चिठ्ठ्या, दाखला आणि त्यांच्यातच एक इंग्रजी कागद. आमच्या पेट्या बनवणाऱ्या कंपनीची ती सूचना होती. मी दवाखान्यात असताना ईमेलने आलेली. कामावर आल्या दिवशी साचलेलं सगळं छापून मी न वाचता त्या पिशवीत कोंबलं होतं.

मी उभ्यानेच वाचलं. लिहिलं होतं की या पेट्यांच्या आतल्या प्रोग्राममध्ये एक उणीव सापडली आहे. चालू आहेस का अशी प्रकृतीची विचारणा वारंवार येत राहिली तर पेटी प्रत्येक उत्तरामागे थोडी जागा अडवते आणि ती मोकळी करायला विसरते. सगळी जागा भरली की ती अडकते. चोरी होत नाही, माहिती बिघडत नाही, फक्त सेवा बंद पडते. कोणी मुद्दाम केलं तर सगळं काम ठप्प होऊ शकतं. उपाय म्हणून नवा प्रोग्राम भरावा, तोवर अशी विचारणा बंद ठेवावी.

मुद्दाम कोणी केलं नव्हतं. मी केलं होतं.

मी खुर्चीत बसून माझा प्रोग्राम बंद केला. अडीच तास गेले. पाच गेले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दिवे लुकलुकत होते. कपाटात तसलाच एक जुना स्विच होता, तो वेगळा जोडून त्याच्यावर प्रोग्राम सोडला. संध्याकाळच्या आत तो अडकला. आता शंका उरली नाही. रांग सरली, गाड्या गेल्या. ठेकेदार म्हणाला, नव्या वायरींनी काम केलं. मॅनेजरनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मी बघत होतो. वाईट वाटायला पाहिजे हे कळत होतं.

दोन दिवस मी कोणाला बोललो नाही. खरं लपवायचं असं ठरवलंही नव्हतं. नुसतं बोललो नाही. तिसऱ्या दिवशी गोदामात गेलो तर हमालांचा मुकादम म्हणाला, "मिस्त्रीनं वायरी कच्च्या टाकल्या म्हनं साहेब. एवढा जुना माणूस."

"हो ना," मी म्हणालो.

तो शब्द माझ्या तोंडून किती सहज आला. मी खोलीत परत आलो. कागद उचलला आणि मॅनेजरच्या खोलीत गेलो.

त्यांनी कागद वाचला, माझं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता चालू आहे ना?"

"चालू आहे."

"मग झालं."

"मिस्त्रींची चूक नव्हती, साहेब. चूक माझी आहे."

त्यांनी चष्मा काढला. "हे बघा, तुमच्या घरी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. अशा वेळी माणसाच्या हातून होतं. कोणी तुम्हाला जाब विचारला का? जा, काम करा."

"आणि मिस्त्री?"

"ठेकेदाराला वर्षाचं काम देऊन बसलोय मी. आता काय करू?"

मी सगळं लिहून काढलं, खाली सही केली आणि कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो फाइलीत लावला. नोटीस नाही, बोलणं नाही. माझं दुःख माझ्या कामी आलं होतं. मिस्त्रींजवळ तसलं काही नव्हतं.

त्या रविवारी डबा घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. मिस्त्री ओट्यावर कोणाचा तरी मिक्सर उघडून बसले होते. मला पाहून उठले, आतून खुर्ची आणली. मी बसलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, प्रोग्राम, गुरुवार, कागद, मॅनेजर. ते खाली बघून ऐकत होते.

"म्हंजे माझी अर्थिंग बराबर होती," ते म्हणाले.

"बरोबर होती."

"मी मीटर लावून बघितली होती ना. सांगत होतो." मग मान वर करून, "तुमाला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज रविवार."

त्यांची बायको दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी डबा पुढे केला, "वहिनी, हा राहिला होता." तिने तो घेतला. चहा घेता का, असं तिने विचारलं नाही. तिने विचारलं, "लेकरू कुठं आहे?"

"वडीगोद्रीला. आजीकडं."

"तिला आनून घ्या. लेकराला बाप दिसाया पाहिजे."

मिस्त्री पुन्हा मिक्सरशी बसले. "त्या दिशी साहेबांनी तुमाला इचारलं," ते स्क्रू फिरवत म्हणाले, "तवा तुमी माझ्याकडं बघितलं असतं तरी चाललं असतं. निस्तं बघितलं असतं." मला माफ करा असं म्हणायला मी आलो होतो. ते म्हणायचं राहूनच गेलं.

पेट्यांत नवा प्रोग्राम मी पुढच्याच आठवड्यात भरला. मुकादमाला, गेटवाल्याला, ज्याला ज्याला सांगता येईल त्याला खरं काय झालं ते सांगितलं. लोक ऐकून घेत आणि म्हणत, जाऊ द्या साहेब. मिस्त्री कंपनीत परत आले नाहीत. मॅनेजरनी चार महिन्यांनी निरोप पाठवला तेव्हा ते एमआयडीसीतल्या एका लोखंडाच्या मिलमध्ये लागले होते. मुलीला मी दिवाळीनंतर जालन्याला आणलं. पहिल्या दिवशी तिने पूर्ण घर फिरून पाहिलं, स्वयंपाकघराच्या दारात जरा थांबली आणि माझ्याजवळ येऊन बसली. त्या दिवशी मला रडू आलं. फार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा ऑफिसात फोन आला. "साहेब, मिस्त्री बोलतोय." मिलमध्ये वजनकाट्याजवळ कॉम्प्युटर बसवले होते आणि ते मधूनच बंद पडत होते. "इथले पोरं म्हंतेत वायरिंगचा लफडा आहे. तुमी येऊन बघता का? तुमी सांगितलं तं ऐकतील."

मी जेवण सोडून गेलो. मिलमध्ये भट्टीची धग दरवाजापर्यंत येत होती. मिस्त्री माझ्यासोबत फिरले, प्रत्येक पेटी उघडून दाखवली. स्विच तपासला, प्रोग्राम तपासला, काही सापडेना. मग काट्यामागच्या भिंतीशी वाकून बघितलं तर वायर एका कोपऱ्यात घासून आतली तांब्याची तार उघडी पडली होती. काटा हलला की ती हलायची.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं.

"ही तं माझीच आहे," मिस्त्री म्हणाले. "मागच्या महिन्यात मीच टाकल्ती."

जमलेल्या पोरांकडे वळून ते मोठ्यानं म्हणाले, "वायरच हाय रे. माझी चूक हाय. पक्कड आना." आणि उकिडवे बसून ती वायर सोलायला लागले. मी टॉर्च धरून उभा राहिलो.