अंबाजीचं जाड ऑइल

नागावच्या अंबाजी मिस्त्रीची चूक काढायची छाती पंचक्रोशीत कुणाची नव्हती. चाळीस वर्षं त्याने होड्यांची, टेंपोंची, सहा आसनी रिक्षांची इंजिनं उघडली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "तिसरा सिलिंडर गेलाय." उघडून बघावं तर तिसराच! माणूस खरा कलाकार. पण हट्टी म्हणजे किती हट्टी! त्याचा एक कायदा होता. खाऱ्या वाऱ्याच्या गावात इंजिनाला जाड ऑइलच पाहिजे, कंपनीच्या पुस्तकात काहीही लिहिलेलं असो.

त्याचा एकुलता मुलगा धनेश पेणला कारखान्यात सुपरवायझर होता. तीन वर्षांपूर्वी त्याने मुंबईहून नव्या बनावटीची एक सेकंडहँड गाडी आणली. त्याची बायको हेमाली ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी, आणि अंबाजी म्हणतो, "थांब गं. आधी माज्या हातचं ऑइल पडू दे, मग नारळ फोडा." त्याने आतलं पातळ ऑइल सोडून दिलं आणि मोठ्या कौतुकाने आपलं जाड ओतलं. बापाचा आशीर्वादच होता तो, दुसरं काय!

दोन-तीन महिन्यांत गाडी कुरकुरायला लागली. जागेवर उभी असली की कशी अगदी शहाणी; पण पोयनाडच्या सपाट रस्त्यावर निवांत चालवली की धक्के मारायची आणि समोर पिवळा दिवा लागायचा. अंबाजीने प्लग बदलले, कॉइल बदलून पाहिल्या, गॅरेजात उभ्या गाडीला कान लावला. चारही सिलिंडर ठणठणीत! तेव्हा दोष आपल्याला सापडत नाही, असं सरळ म्हणावं की नाही? छे! गडी म्हणाला, "तुला मुंबईवाल्यानं उल्लू बनवलं." बरं, घरातलं घरात ठेवावं, तर तेही नाही. नाक्यावर, चहाच्या टपरीवर, सगळीकडे तीच टिमकी. "आमचा धनेश! मिस्त्रीचा पोरगा, न् भंगार घेऊन आला!" लोक हसायचे. धनेशही मान खाली घालून हसायचा. हळूहळू बापलेकांतलं बोलणं आटलं.

गेल्या माघात कारखान्यातच धनेशच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. एकेचाळीस वर्षांचा होता.

तेव्हापासून अंबाजीला धनेशच्या त्या हसण्याची टोचणी लागली. गाडी मुळातच खराब निघाली, तर आपण बोललो ते निदान खोटं तरी नव्हतं; जिवाला एवढाच आधार त्याला हवा होता. हेमालीला त्याच गाडीने अलिबागला कामाला जायचं होतं. "बाबा, एकदा दुसऱ्या कुणाला तरी दाखवू या," ती म्हणाली. आणि जन्मात पहिल्यांदा अंबाजी दुसऱ्या मेकॅनिककडे गेला.

अलिबागच्या साहिलने गाडीला लॅपटॉप जोडला, पण जागेवर इंजिन ऐकत बसला नाही. "चाचा, आत बसा. हा दोष चालत्या गाडीतच बोलतो." रस्त्यावर त्याने पाय हलका ठेवला आणि धक्का बसला. "बघा. सपाटीला या गाडीचे दोन सिलिंडर मुद्दाम झोपतात, पेट्रोल वाचायला. पाय दाबला की उठायचे. हे झोपवायचं-उठवायचं काम ऑइलच्या दाबावर चालतं, अगदी बारीक वाटांतून. इथे ते झोपतात, पण वेळेवर उठत नाहीत." गॅरेजात परतल्यावर त्याने ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली, दोन बोटांत ऑइल चोळलं आणि त्याचा चेहराच बदलला. "या अल्ला! हे कुणी घातलं? हिला पाण्यासारखं पातळ लागतं. गाडी चांगली होती, चाचा. या ऑइलने मारली. सिलिंडर झोपवणाऱ्या-उठवणाऱ्या आतल्या पिना पार झिजल्यात."

"मी घातलं," अंबाजी म्हणाला. "दर सहा महिन्यांनी. मीच."

घरी येऊन तो ओटीच्या पायरीवरच बसला. हेमालीला त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तेवढा तो सरळ होता. "माज्या लेकाला मी गावभर येडा ठरवला गं. न् येडा मीच."

हेमाली त्याच्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "बाबा, त्यांना ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"दोन वर्षांपूर्वी त्यांनी गाडी पनवेलला दाखवली होती. तिथे ऑइलचंच सांगितलं."

"मग बोलला का न्हाय? दुसरीकडून पातळ का न्हाय घालून घेतलं?" अंबाजी ओरडलाच. "दर खेपेला माज्याचकडं घेऊन यायचा! मुद्दाम मरू दिली गाडी?"

"मीही हेच विचारलं होतं. तर म्हणाले, ऑइल बदलायला गेलो की बाबा तासभर माझ्याशी बोलतात. शिव्या घालतात, पण बोलतात. एरवी बोलतच नाहीत. गाडी काय, दुसरी घेता येईल."

अंबाजीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो हमसून हमसून रडायला लागला. "मीच यायला पायजे होतो रे तुज्याकडं, धन्या," तो परत परत म्हणत राहिला. "नुसता बोलायला."