एका डब्यातले दोन लाल

बाबांच्या रिटायरमेंटला तीन दिवस उरले होते आणि मी बालाघाटच्या आमच्या अंगणात गाडीभोवती प्रदक्षिणा घालत होते. डावीकडून बघितलं की रंग जुळायचा, उजवीकडून बघितलं की नाही... डबा एकच, रंगारी एकच, मग लाल दोन कसे?

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. बाबांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून ती छोटी लाल गाडी घेतली होती. तिच्या दारांखालच्या रुंद पट्ट्या तेवढ्या काळ्या प्लास्टिकच्या, आणि आमच्याकडच्या उन्हानं त्या पार पांढुरक्या पडल्या होत्या.

नागपूरला मी एका गाडीचं प्लास्टिकसुद्धा गाडीच्याच रंगात रंगवलेलं पाहिलं होतं. तेव्हाच ठरवलं, शेवटच्या दिवशी बाबांना ऑफिसमधून हार घालून घरी आणायचं ते अशाच नटलेल्या गाडीतून. बाबा शेवटच्या दौऱ्यावर ऑफिसच्या जीपनं लामत्याकडे गेले होते, म्हणजे सरप्राइजला रान मोकळं.

आता एक कबुली. दोन वर्षांपूर्वी गाडी शिकताना मी तिची उजवी बाजू फाटकाच्या खांबाला घासली होती. चांगला हातभर ओरखडा! बाबा म्हणजे जमदग्नी, चहा गार झाला तरी घर हादरायचं... मी घाबरून त्या ओरखड्यात लाल नेलपॉलिश भरलं, अख्खी बाटली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच परीक्षेसाठी नागपूरला पळाले.

महिन्यानं परत आले तर ओरखडा गायब. मला वाटलं, नेलपॉलिश वाळून रंगात मिसळून गेलं. हसू नका, तेव्हा खरंच वाटलं होतं... तरी मनातली धाकधूक काही गेली नव्हती, आणि हे रंगकाम म्हणजे माझं गुपचूप प्रायश्चित्त होतं.

रंगारी सुखदेवभाऊ. भरवेलीच्या खाणीवरचे डंपर रंगवणारे, नुसत्या नजरेनं रंग जुळवण्यात त्यांचं नाव होतं. त्यांनी पट्ट्या काढल्या, पॉलिश पेपरनं घासल्या, थिनरनं पुसून अस्तर मारलं. मग डाव्या दरवाज्यावर बोटाएवढा ठिपका देऊन, सावलीत बघत, रंगात रंग मिसळून लाल घोटला.

सगळं रंगवून बसवलं. डावी बाजू बघून मी टाळ्याच वाजवल्या. उजवीकडे गेले आणि हात तसेच राहिले... वर दरवाजा विटकरीकडे झुकलेला, खाली पट्टी लालभडक!

मी म्हटलं, पुन्हा मारा. त्यांनी मुकाट्यानं त्याच डब्यातून पुन्हा मारला आणि पुन्हा तेच. समोरच्या चाचीजी येऊन बघून गेल्या, "बिटिया, ये तो इधर शादी का जोड़ा, उधर पुरानी साड़ी हो गई." सकाळी बघितलं, दुपारी बघितलं, डोळे चोळून बघितलं. माझेच डोळे बिघडले की काय, असं वाटायला लागलं.

सुखदेवभाऊ खाली मान घालून म्हणाले, "ताई, उजव्या बाजूले येगळा रंग घोटू द्या."

"एका गाडीला दोन रंग? कशासाठी?"

ते नुसते पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले... माझा पारा चढला. तुम्हाला जमत नसेल तर गाडी गोंदियाला नेते, आणि भरवेलीत सगळ्यांना सांगते की सुखदेवची नजर गेली, असं काहीबाही बोलून बसले. आज आठवलं तरी लाज वाटते.

त्यांचा चेहरा एकदम उतरला. डबा खाली ठेवून म्हणाले, "नजर नाही गेली ताई. साहेबाले शब्द देल्ला होता म्हून चूप होतो. ते उजवी बाजू पुरी मीच रंगवली हाय. तुमी परीक्षेले नागपूरले गेलत्या, तवा."

मला काहीच उमजेना. बाबांनी? कशाला?

"तुमचं ते नेलपालिश मीच पुसलं ना थिनरनं," ते हसू दाबत म्हणाले. "साहेब मनले, पोरीले सांगू नोको. तिची गाडी शिकाची हिंमत मोडन."

तेव्हा त्यांचा रंग तंतोतंत जुळला होता. पण दोन वर्षांच्या उन्हात कंपनीचा लाल एका तऱ्हेनं उडाला, हातानं घोटलेला दुसऱ्या तऱ्हेनं, आणि गाडीच्या दोन्ही बाजू एकदम दिसतात कोणाला! मी तिथेच पायरीवर बसले. रडू येत होतं आणि हसूही... सुखदेवभाऊंची माफी मागितली, तर तेच ओशाळले.

मग त्यांनी उजवीकडच्या पट्टीसाठी वेगळा डबा घोटला. डावी डावीशी जुळली, उजवी उजवीशी.

शेवटच्या दिवशी बाबा ऑफिसच्या पायऱ्या उतरले, गळ्यात झेंडूचे हार, डोळे लाल. गाडी बघून थबकले. डावीकडून बघितलं, मग सावकाश फिरून उजवीकडे गेले, वाकून पट्टीवरून हात फिरवला.

मग मी पुढे केलेली किल्ली माझ्याच हातात परत ठेवून शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

"चाल, तूच चालव. अन् फाटकाचा खांब पाहजो."

आयुष्यभर ज्यांच्या रागाला भ्यायले, त्यांनी माझी चूक दोन वर्षं अशी पोटात घातली होती... त्या दिवशी मी फाटकातून गाडी आत घेतली तेव्हा डोळ्यांतल्या पाण्यानं खांब नीट दिसत नव्हता, पण शेजारी बाबा होते.