दारात घडीभर थांबणारे कोरे सर

शिवहार कोरे सरांची आणि माझी पहिली भेट परभणीतल्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, प्रयोगशाळेच्या दारात झाली. प्रवेशासाठी बाबा पेडगावहून माझ्यासोबत आले होते. दाराबाहेर चपलांची रांग होती आणि आत फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘बूटलोडर’ असे लिहिले होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलेले नव्हते. बाबांनी तो शब्द सावकाश वाचला आणि कपाळावर भस्म लावलेल्या त्या शांत गृहस्थांना विचारले, “सर, बूटलोडर म्हंजे चपला ठिवायची जागा व्हय?”

मागची मुले हसली. सर हसले नाहीत. जरा विचार करून म्हणाले, “जवळपास तेच की हो, मामा. आत शिरायच्या आधी घडीभर थांबायची जागा. आजपासून आमी असंच शिकवतो.”

आणि खरोखरच ते तसे शिकवू लागले. मायक्रोकंट्रोलरची चिप एवढीशी. तिच्यात प्रोग्राम भरला की ती मोटार चालवते, दिवे लावते. पण वीज आल्यावर सर्वांत आधी जागा होतो तो बूटलोडर. केबलमधून कोणी नवे काही पाठवत आहे का, हे तो क्षणभर थांबून पाहतो. असेल तर ते चिपमध्ये उतरवून घेतो, नसेल तर आधीचे काम सुरू करून देतो. “ह्या थांबण्यामुळंच तिला जन्मभर शिकता येतंय,” असे सर सांगत. स्वतःही वर्गाच्या दारात थांबून “कोणाचं काही नवं?” असे विचारत, मगच धडा सुरू होई. “माझं आडनावच कोरे,” असेही म्हणत, “रोज भरा.” लाइट जाऊन परत आली की टेबलांवरच्या, चिप बसवलेल्या साऱ्या बोर्डांचे बारीक दिवे एकदम लुकलुकत. सर बोलणे थांबवून त्यांच्याकडे पाहत राहत. झोपेतून उठणाऱ्या लेकरांकडे पाहावे तसे.

शेवटच्या वर्षी मी पेडगावच्या पाण्याच्या टाकीसाठी बोर्ड बनवला. टाकी भरली की मोटार आपोआप थांबायची. पण वाऱ्याने पाणी हलले तरी ती बंद-चालू होऊ लागली. प्रोग्राम बदलायला मी केबल जोडली, तर चिप काही घ्यायलाच तयार नाही. टाकीखाली माणसे जमली. पाणी सोडणारे हणमंतकाका म्हणाले, “म्या पयलंच म्हणलं व्हतं, पोरीचा खेळ हाय. काढून टाका. आजवर मीच बटण दाबायलो, पुढंबी दाबतो.”

तो बोर्ड त्या दिवशी खाली उतरला असता, तर माझ्या हातच्या वस्तूवर गावाने पुन्हा विश्वास ठेवला नसता. मी सरांना फोन केला. दुपारच्या एसटीने सर आले. बोर्ड तपासून सर्वांसमोर म्हणाले, “हिचं काही चुकलं न्हाई. चूक माझी हाय. कॉलेजच्या प्रदर्शनाच्या घाईत ही चिप मीच भरली, केबल सोडून बोर्डाच्या मागच्या सहा पिनांतून. त्या रस्त्यानं भरलं की आधीचं सगळं पुसलं जातंय. चपला ठेवायची जागाच मी पुसून टाकली.”

“मग आता वो?” काकांनी विचारले.

“मागचं दार उघडंच हाय की.” आणि सरांनी वायरी माझ्या हातात दिल्या.

मी मागच्या पिनांतून आधी बूटलोडर परत बसवला, मग केबल जोडून नवा प्रोग्राम पाठवला. पाणी हलले तरी लगेच काही ठरवायचे नाही, घडीभर थांबून पाहायचे, एवढाच बदल होता. बारीक दिवा लुकलुकला. मोटार सुरू झाली. वारा आला, पाणी हलले, मोटार चालूच राहिली. टाकी भरली तेव्हाच थांबली. काका वर पाहत म्हणाले, “थांबली की! आन् आता मी काय करू गं?”

“बसा निवांत,” बाबा म्हणाले. “लय दाबलं बटण.”

फाट्यावर बसची वाट पाहताना मी म्हणाले, “सर, तुम्ही सांगितलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं.” सर म्हणाले, “तुला ह्या गावात ऱ्हायाचंय. मी तर बसनं जायलोय.”

आज मी शेतपंपांचे बोर्ड बनवते. संध्याकाळी शिवारात लाइट आली की मला पाथरीपासून गंगाखेडपर्यंतच्या अंधारात असंख्य बारीक दिवे दिसू लागतात. प्रत्येक जण कामाला लागण्याआधी क्षणभर थांबून विचारतो आहे, कोणाचं काही नवं?

सर यंदा साठ वर्षांचे होत आहेत. साठीच्या दारातही त्यांनी असेच घडीभर थांबावे, हाच प्रश्न विचारावा, आणि नवे काही घेऊन येणारे त्यांना वर्षानुवर्षे भेटत राहावेत. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, शंभरीच्या दारातही त्यांनी आम्हाला हेच विचारावे. हा लेख लिहिते आहे म्हटल्यावर बाबांनी निरोप दिला आहे, तो जसाच्या तसा कळवते: “सरायला म्हणाव, एकदा घरी या. चपला ठिवायला जागा केलीया. आन् टाकीची मोटार आजबी आपूनहून थांबायलीय.”