नवसाचं कडं आणि मुलींची फायनल

"सर, हे कडं निघत नाही," साक्षी हात पुढं करून म्हणाली. किक-ऑफला दहा मिनिटं राहिली होती. चौदा वर्षांखालच्या मुलींची फायनल, सुलतानपूर विरुद्ध देऊळगाव राजा. मैदान देऊळगाव राजाचं, आणि साक्षी म्हणजे सुलतानपूरची एकुलती एक गोलकीपर.

मी पीटी टीचर म्हणून रिटायर झालो. आता गावोगावच्या पोरापोरींच्या या लीगमध्ये रेफरी असतो. मॅचआधी प्रत्येकीचे हात, कान, गळा बघायचा, याला इक्विपमेंट चेक म्हणतात. अंगावर धातू चालत नाही. मागं एकीच्या बांगडीनं दुसरीची भुवई फुटली, तीन टाके पडले. तेव्हापासून मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

इथं तर बापच समोर उभा! दिगंबरभाऊ हात जोडून म्हणाले, "सर, बालाजीच्या नवसाचं हाय ते. लहानपणी लई बिमार होती. बारा वर्षांची झाली का देवाले वाहीन म्हणलं होतं. त्याच्या दारातच काढा लागते."

"आता वय काय हिचं?"

"तेरा," ते ओशाळले. "जाऊ जाऊ म्हणता राहूनच गेलं. वरून पट्टी बांधू का?"

"पट्टीखालचं कडं लागत नाही का, भाऊ?"

साक्षीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला फार वाईट वाटलं, पण शिट्टी माझ्या गळ्यात होती. पंधरा मिनिटं उशीर चालतो. त्यापुढं समोरची टीम वॉकओव्हर मागू शकते, म्हणजे न खेळता कप. तसं मी देऊळगावच्या कॅप्टनला, श्रावणीला, सांगितलं.

"अहो सर, बालाजीचं मंदिर इथंच तर आहे! काढून आणू द्या ना तिला."

"अन् जास्त उशीर झाला तर?"

"थांबू की! न खेळता कप नेला तर घरचे हसतील."

श्रावणीच्या आईनं लगेच स्कूटी काढली. ट्रिपल सीट मी जाऊ दिली नाही. दिगंबरभाऊंना दुसऱ्या पालकाच्या गाडीवर बसवलं, तेही हेल्मेट घालून.

चाळीस मिनिटांनी मंडळी परतली. साबण चोळून चोळून मनगट लाल झालेलं, पण मोकळं. दोन्हीकडच्या पोरींनी असा काही गलका केला की माझी शिट्टीच ऐकू येईना.

सुलतानपूरनं एक गोल मारला. शेवटच्या मिनिटाला देऊळगावला पेनल्टी मिळाली. मारायला श्रावणी, अडवायला साक्षी. साक्षीनं उजवीकडं झेप घेतली आणि बॉल छातीशी कवटाळला. संपली मॅच!

"काऊन आणलं बे तिले?" श्रावणीची एक मैत्रीण ओरडली.

"आणलं म्हणून तर मजा आली!" श्रावणी म्हणाली, आणि धावत जाऊन तिनं साक्षीला कडेवर उचललं. खरं सांगतो, मला भरून आलं.

देऊळगावचे कोच शेजारी येऊन म्हणाले, "सर, वॉकओव्हर घेतला असता, तर कप आमचा होता."

"होता ना," मी म्हणालो. "घ्यायचा होता का?"

त्यांनी मैदानावर नाचणाऱ्या पोरींकडं बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. मीही एक धडा घेतला. आता इक्विपमेंट चेक आदल्या दिवशीच उरकतो.