समस्या: माणसं संपणार

माझी लेक दहावीला होती. प्रिलिम तोंडावर आलेली, आणि एका संध्याकाळी तिने जाहीर केलं की आता अभ्यास करण्यात काही अर्थ नाही, कारण पृथ्वी तापतेय आणि माणूस नामशेष होणार आहे. मी पोळ्या लाटत होते. "गणिताच्या पेपरआधी होणार का?" मी विचारलं. मला वाटलं ती हसेल. ती उठली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मग तिने घरात पृथ्वी वाचवायला सुरुवात केली. आधी गिझर बंद केला, आणि गार पाणी सोसत नाही म्हणून आंघोळही बंद केली. रावेतच्या आमच्या इमारतीत आम्ही नवव्या मजल्यावर. ती लिफ्ट सोडून जिन्याने यायची आणि दारात पाच मिनिटं कुत्र्यासारखी धापा टाकत बसायची. फ्रिजचा प्लग तिने कधी काढला ते कळलंच नाही. कळलं ते दुसऱ्या दिवशी, वासावरून. माझा नवरा एसी दुरुस्तीची कामं घेतो. तो बिचारा तिला धीर द्यायला म्हणाला, "अगं, उन्हाळे वाढले तर आपलाच धंदा वाढेल." त्या दिवसापासून तिने बापाशी बोलणं टाकलं.

इथपर्यंत मला हसू येत होतं. पण मग ती शाळेत जाईना. सहा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. ताटातलं अर्धं तसंच राहायचं. मी सारखी म्हणायचे, "काही होत नाही गं." ती म्हणायची, "कशावरून?" मी चाकणच्या पट्ट्यात, निघोज्याजवळच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. सायलेन्सर गाडीला धरून ठेवणारे ब्रॅकेट आम्ही बनवतो. पुराव्याशिवाय मी कुणाचा एक ब्रॅकेट पास करत नाही, आणि इथे माझ्याकडे पुरावा म्हणून चिटोराही नव्हता.

शेवटी मी मला येतं तेच केलं. कंपनीचा 'का-का'चा फॉर्म तिच्यापुढे ठेवला. माल खराब निघाला की आम्ही तो भरतो. वर समस्या लिहायची, मग पाच वेळा 'का?' विचारत खाली उतरायचं, आणि तळाशी जे सापडेल ते मूळ कारण. "रडत बसण्यापेक्षा हे भर," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच माझा. तिने फॉर्म ओढून घेतला.

सकाळी कंपनीची बस चुकेल म्हणून टेबलावरची फाइल उचलून मी धावत सुटले. लेकीने फॉर्म भरून त्याच फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवला होता, हे मी पाहिलंच नाही.

रोज सकाळी लाइनपाशी आमची दहा मिनिटांची मीटिंग असते, सगळ्यांनी उभ्याने करायची. आदल्या दिवशी वेल्डिंगला चीर गेल्याची तक्रार होती, आणि तिचा भरलेला फॉर्म माझ्या फाइलमध्ये होता. प्लांट हेड साहेबांनी माझ्या फाइलमधला वरचाच कागद घेतला आणि मोठ्याने वाचायला लागले.

"समस्या: माणसं संपणार."

कारखान्यात माणसं म्हणजे कामगार. साहेब एचआरवाल्याकडे वळले. "हे मला आज कळतंय? किती संपणार?"

एचआरवाला गडबडला. "सर, काही जण लग्नाला गावी गेलेत. सोमवारपर्यंत येतील."

"सोमवार नाही. उद्या पंधरा माणसं पाहिजेत मला."

त्याने लगेच कंत्राटदाराला फोन लावला. मी म्हटलं, "सर, तो कागद..." साहेबांनी हात वर करून मला थांबवलं आणि पुढे वाचलं. "का? उष्णता वाढली. बरोबर, एक्झॉस्ट फॅन बसवा म्हणून मी कधीचा सांगतोय. का? धूर. वेल्डिंगचा, बरोबर. का? गाड्या." इथे ते जरा अडखळले. "का? गाड्या बनवतात म्हणून. का? आई बनवते म्हणून. मूळ कारण: आई."

साहेबांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली.

"कुणाची?" साहेबांनी विचारलं.

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "माझ्या लेकीची, सर," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. माणसं खो खो हसली. साहेब मात्र गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, किती वेळा सांगितलंय, मूळ कारणात माणसाचं नाव चालत नाही. फॉर्म रिजेक्ट."

हसणं ओसरल्यावर आमचे सगळ्यात जुने वेल्डर काका बोलले. ते निघोज्याचेच. "पोरगी खोटं न्हाई बोलत, ताई. मला बी लई भ्या वाटतं. पर आसलं बोलायचं कुनापाशी?"

मग कुणीच हसलं नाही. साहेब बुटांकडे बघत म्हणाले, "माझी नात दोन वर्षांची आहे. ती माझ्या वयाची होईल तेव्हा काय असेल, असा हिशोब मी सुरू करतो आणि सोडून देतो." लाइन सुरू व्हायची घंटा झाली. एचआरवाला अजून फोनवर ओरडत होता, "पंधरा, पंधरा!"

घरी येऊन तिच्या पलंगावर टेकून मी लेकीला सगळं सांगितलं. आधी ती किंचाळली, "तू सगळ्यांसमोर वाचू दिलंस?" फॉर्म रिजेक्ट झाल्याचं ऐकून तिला रागच आला. काकांचं आणि साहेबांचं सांगितलं तेव्हा मात्र तिचा आवाज खाली आला.

"आणि तुला वाटते भीती?" तिने विचारलं.

ठरलेलं उत्तर जिभेवर आलं होतं. "वाटते," मी म्हटलं. "चार वर्षं झाली. बातम्या बघते, बंद करते, आणि तुझा डबा भरायला लागते."

"मग मला खोटं का सांगत होतीस?"

"तू घाबरू नयेस म्हणून."

"मी घाबरलेलीच होते, आई. मला वाटलं घरात मीच एकटी अशी आहे."

मला रडू फुटलं. मी तिला भीतीपासून लांब ठेवतेय या समजुतीत होते, आणि सहा दिवस पोरगी माझ्या घरात, शेजारच्या खोलीत, एकटी पडली होती. तिने मला सरकायला लावलं आणि माझ्याशेजारी पलंगावर बसली.

सोमवारी ती शाळेत गेली. भीती घेऊनच गेली. मीही तशीच कंपनीत गेले. फक्त त्या दिवशी निघताना आम्ही एकमेकींना तसं सांगून निघालो.