हरलेल्यांची रांग

मुलीला कबड्डीच्या निवडीसाठी मैदानावर घेऊन गेले आणि नुकतंच पाणी मारलेल्या मातीचा वास आला. शाळेतल्या कबड्डीचे दिवस आठवले.

आमच्या वेळी जिल्ह्याला जिंकलेला संघ पुढे विभागाला खेळायचा, आणि जाताना हरलेल्या संघांतल्या दोघींना सोबत न्यायचा. सायखेड्याचा आमचा संघ हरला होता. मी राखीव, अगदी शेवटी उतरलेली. आम्हाला मैदानाच्या कडेला रांगेत बसवलं. शेजारी आमची कॅप्टन सुनंदा. तिने माझा हात घट्ट धरला होता. दोघींचे तळवे घामामातीने चिकट झालेले.

जिंकलेल्या नाशिकच्या संघाचे सर आपल्या मुलींना विचारत होते, "रेड टाकताना भीती कुणाची वाटली?"

मला वाटलं, सुनंदाचं नाव येणार. एकीने माझ्याकडे बोट केलं. "शेवटी उतरली ना, ती. घोटा धरला की सोडतच नाही."

"उठ गं," सर म्हणाले.

मला उठवेना. इतका वेळ निवड होणार नाही म्हणून धडधडत होतं, आता झाली म्हणून. तेवढ्यात सुनंदाने हात झटकन काढून घेतला. "उठ की. लय भाव खाऊ नको," माझ्याकडे न बघताच म्हणाली.

कितीतरी वर्षं वाटत राहिलं, तिला राग आला. आता वाटतं, तिने हात सोडला नसता तर मी उठलेच नसते.

आज माझी मुलगी तशीच रांगेत बसली, मैत्रिणीचा हात धरून. निवड करणारे सर जवळ येऊ लागले. मी त्या दोन हातांवरून नजर हटवू शकले नाही.