वरकुट्याच्या चारीवर डोंगरातली टाचणी?

मंडळी, आज एका फोटोपायी जीव टांगणीला लागला होता.

सकाळी वरकुट्यात तात्यांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या, उसाकडेच्या पाण्याच्या चारीवर, गवतात टाचणी दिसली. चतुरासारखाच, पण सुईएवढा बारीक कीटक. फोटो कीटक ओळखणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला, तर एका जाणकार ताईंचं लगेच उत्तर आलं: "ही डोंगरातल्या झऱ्यांवरची वाटतेय! तिकडं सापडली तर मोठीच गोष्ट. शेपटीचं टोक जवळून दाखवा."

मान वर केली, तर तात्या पाठीवर पंप घेऊन त्याच गवतावर तणनाशक मारत येत होते.

"तात्या, थांबा!"

"काय गं? साप हाय का?"

"टाचणी आहे. फोटो होईपर्यंत थांबा."

ते थांबले. मी चिखलात गुडघे टेकून, श्वास रोखून फोटो काढला आणि पाठवला. उत्तर येईपर्यंत आम्ही दोघंही मोबाइलकडंच बघत होतो.

"नाही हो, ही नेहमीचीच. सगळीकडं दिसते."

तात्यांनी पंपाचा दांडा धरला. "साधीच हाय न्हवं? मग मारू का?"

"नको."

"का गं?"

मी त्या गवतापुढंच उभी राहिले. तेवढा तुकडा त्यांनी सोडला, पण आजच्यापुरताच.

त्यांच्या त्या "का गं?"ला तुम्ही काय सांगितलं असतं?